कप्प्यात लागल्याची तारीख

१

सकाळचे सव्वादहा झाले होते, भिंतीवरचे घड्याळ तेवढे आपले काम करत होते, आणि चार माणसे काचेच्या कपाटासमोर अशी उभी होती, जणू आत कुणाचे पार्थिव ठेवले आहे. कपाटात भूगर्भशास्त्र ग्रंथालयाच्या पाच जुन्या बांधणीवह्या मांडल्या होत्या. कालपर्यंत पाच होत्या. आज चार होत्या, आणि तिसरीच्या जागी एक लाकडी ठोकळा ताठ उभा होता.

शेवटी शिपाईमामांनी घसा खाकरला. "मी नाही," ते म्हणाले.

"तुम्हाला कुणी विचारलंय का?" ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"म्हणूनच म्हटलं. विचारायच्या आधी सांगून टाकलेलं बरं."

कुणी हसले नाही. महिनाअखेर हे ग्रंथालय मिटणार होते. विद्यापीठाच्या नव्या, मध्यवर्ती इमारतीत त्याची पुस्तके विरघळून जाणार होती, आणि निरोपाची खूण म्हणून त्याचा साठ वर्षांचा इतिहास एका पुस्तिकेत छापला जाणार होता. तो लिहिण्याचे काम विभागात नुकत्याच रुजू झालेल्या नव्या मॅडमकडे होते. मांडणीही त्यांचीच. पहिल्या नऊ वर्षांत पुस्तके आणि दगड एकाच नोंदवहीत चढवले जात, चौदा क्रमांकाला एक ग्रंथ आणि पंधराला ग्रॅनाइटचा तुकडा, हे त्यांनीच शोधून काढले होते. शिवायला गेलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद ठेवणाऱ्या बांधणीवह्याही त्यांनीच माळ्यावरून उतरवल्या होत्या.

जिन्यावर काठीचा आवाज आला. बाइंडरकाका. चाळीस वर्षे या ग्रंथालयाची पुस्तके त्यांनी शिवली होती. आज त्यांना मुद्दाम बोलावले होते, कारण तिसऱ्या वहीत त्यांचे काहीतरी होते.

त्यांनी कपाटाकडे पाहिले, मग ठोकळ्याकडे.

"माझ्या मुलाचं अक्षर आहे त्या वहीत," ते हळू म्हणाले. "दुसरीकडे कुठे नाही. तो गेल्यावर नवी वही सुरू झाली, ही मला पुन्हा दिसलीच नाही. त्याच्या वह्या त्याच्यासोबतच खाणीत गेल्या. बाई, आज बघायला मिळेल म्हणून मी चष्म्याचा नंबर बदलून आलोय."

विभागप्रमुख, ज्यांना सारे नुसते सर म्हणत, खिडकीकडे बघत होते. "काका," ते म्हणाले, "इथली हरवलेली पुस्तकं तुम्हीच शोधून द्यायचात. ही पण बघा."

"कशाला त्यांना त्रास?" बाई चटकन म्हणाल्या. "वय झालंय त्यांचं. वही काय, सापडेल."

काकांनी काच सरकवली आणि ठोकळा बाहेर काढला. त्याच्या माथ्यावर धुळीचा जाड थर होता, आणि पुढच्या बाजूला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवर एक तारीख. तीस वर्षांपूर्वीची. मुलगा गेला त्याच महिन्याची.

२

ठोकळा ही या ग्रंथालयाची जुनी रीत. पुस्तक बांधणीला गेले, की त्याच्या जागी त्याच जाडीचा लाकडी ठोकळा उभा करायचा. शेजारची पुस्तके कलंडू नयेत, आणि शोधणाऱ्याला कळावे की हे हरवलेले नाही, दुरुस्त होते आहे. ठोकळ्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर पुस्तकाचा क्रमांक, पाठवल्याची तारीख आणि एकच शब्द: बांधणीस. पुस्तक परत आले, तपासले गेले, कण्यावर शाईने क्रमांक पडला, की मगच ठोकळा उतरायचा. मधल्या काळात तो पुस्तकाचा वकील असे. ठोकळा म्हणेल ते खरे.

"पण हे सगळे ठोकळे गेले ना मामा?" काकांनी विचारले. ते दोघे वाचनकक्षाच्या लांब टेबलाशी बसले होते.

"संगणक आला तेव्हाच. पोरांच्या शाळेला दिले, खेळायला. दोन पोती भरली मी स्वतः." मामांनी ठोकळा उचलून पाहिला आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी वेदना उमटली. "काय ही धूळ! काका, देवाशपथ सांगतो, हा मी ठेवला असता तर पुसून ठेवला असता. मला राहवतच नाही."

ते सर्वांना ठाऊक होते. मामा माणसांच्या चष्म्यांवरूनही फडके फिरवत.

"मग इतकी धूळ बसेल अशी जागा या इमारतीत आहे कुठे?"

मामा दारापाशी कुणी नाही याची खात्री करून पुढे वाकले. "एक आहे. नकाशांच्या खोलीत, खिडकीकडचा खालचा कप्पा. बाईंची सक्त ताकीद आहे, तिथे फडकं मारायचं नाही. नकाशे नाजूक आहेत म्हणतात. तीस वर्षं मी त्या कप्प्यावरून नजरसुद्धा फिरवली नाही. फिरवली की हात शिवशिवतो."

ते तिथे गेले. मामांनी पुढे होऊन दिवा लावला. कप्प्यावर धूळ अशी पसरली होती, की जणू कुणी एक करडी चादर काळजीपूर्वक अंथरून ठेवली असावी. आणि मधोमध, अगदी ताजा, एक स्वच्छ आयत. काकांनी ठोकळा त्यात उतरवला. चपखल बसला. फटीच्या कडेला, शेजारचे खंड कोसळू नयेत म्हणून, कुणीतरी खडकात छिद्र पाडून काढलेल्या नमुन्याचा गोल तुकडा टेकू म्हणून लावून ठेवला होता.

चोर घाईत होता. तरीही त्याला शेजारच्या पुस्तकांची काळजी होती.

"म्हणजे हा ठोकळा इथेच होता," मामा पुटपुटले. "शाळेत गेलाच नाही. पण मग याचं पुस्तक कुठंय? तीस वर्षं बांधणीत कुठलं पुस्तक असतं?"

काकांनी चिठ्ठीवरचा क्रमांक कागदावर उतरवला आणि नव्या मॅडमना नेऊन दिला. जुन्या कार्डांचा खण ओढला गेला. मॅडमनी कार्ड मोठ्याने वाचले.

"जुन्या खाणीचं सर्वेक्षण. घडीच्या नकाशासह." त्यांनी वर पाहिले. "काका, ही तीच खाण का? तुमचा..."

"हो," काका म्हणाले. "तीच."

३

मुलगा या ग्रंथालयातच मोठा झाला असे म्हटले तरी चालेल. घरात पुस्तके असत, पण ती दुसऱ्यांची. उसवलेली, पाठ मोडलेली, खळीच्या वासाची. बाप त्यांना शिवायचा, वाचायचा नाही. मुलगा वाचायला लागला आणि वाचता वाचता दगडांपर्यंत पोचला. संशोधक म्हणून नाव नोंदवले, वसतिगृहात राहायला गेला, तरी दर रविवारी घरी येऊन बांधणीवही तो लिहायचा. बापाचे अक्षर किरटे होते. रेघा मात्र बाप आखायचा.

चोवीस वर्षांचा होता. जुन्या खाणीत नमुने गोळा करायला गेला आणि पायाखालची जमीन आत गेली. एवढेच काकांना सांगण्यात आले होते. जमीन आत का जाते, हे त्यांनी कधी विचारले नाही. जमीन ही गोष्ट विचारण्यासारखी आहे, असे त्यांना वाटलेच नव्हते.

"काका, माझ्यावर संशय घ्यायला तुम्हाला पूर्ण मुभा आहे," नव्या मॅडम म्हणाल्या. "परवा मी ती वही फोटो काढायला घरी नेते म्हटलं, तर बाईंनी साफ नकार दिला. मी तोंड पाडून बसले होते, हे मामा सांगतीलच."

"सांगितलं मघाशी," काका म्हणाले.

मॅडम हसल्या. "पण मी नेली असती तर ठोकळा कशाला ठेवला असता? ठोकळा म्हणजे काय हे मी फक्त जुन्या टिपणांत वाचलं होतं. प्रत्यक्ष आज पाहिला."

"वही वाचली होतीत?"

"चाळली. नीट वाचणार होते आज." त्यांनी जरा थांबून एक जाड रजिस्टर पुढे ओढले. "तुम्हाला हे दाखवू की नको, कळत नाही. वाचनकक्षाची सह्यांची वही आहे. दहा तारखेला तुमच्या मुलाची सही आहे. त्याची शेवटची. तिचं छायाचित्र पुस्तिकेत घ्यायचं माझ्या मनात होतं. तुमची हरकत नसेल तर."

काकांनी सहीवर बोट ठेवले. सही म्हणजे अक्षर नव्हे. सही ही माणसाची पाठमोरी आकृती. तरी ते बोट बराच वेळ तिथून उचलले गेले नाही.

"दहाला आला होता," ते स्वतःशीच म्हणाले. "अकराला निघाला. बाराला..." मग त्यांनी मान वर केली. "दहाला तो इथे कशाला आला होता, मॅडम?"

"ते सरांना विचारा. त्याचे मार्गदर्शक तेच होते."

४

सर पुस्तक काढत तेव्हा कप्प्यात पडलेल्या दातासारखी फट राहत असे. ठोकळा नाही, चिठ्ठी नाही, कधीकधी पुस्तकही परत नाही. 'सरांचा दात' हा ग्रंथालयातला तीस वर्षांचा विनोद होता. काकांनी दार लोटले तेव्हा सर पाठमोरे होते.

"वही मी नेली नाही," ते वळून म्हणाले. "न्यायला हवी होती, काका. हिंमत असती तर नेली असती."

"तुम्ही नेली असती तर जागा मोकळी राहिली असती," काका म्हणाले. "तुमच्यावर संशय नाही माझा. मला एवढंच सांगा, त्या सर्वेक्षणात काय होतं?"

सर खुर्चीत बसले. एकदम म्हातारे झाल्यासारखे बसले.

"जुने बोगदे," ते म्हणाले. "शंभर वर्षांपूर्वी खणलेले आणि मग विसरलेले. वरून काहीच दिसत नाही. गवत असतं. पण त्या नकाशावर एकेक बोगदा आखलेला होता, तिरक्या रेघांनी. मी त्याला सांगितलं होतं, जायच्या आधी तो नकाशा बघून जा. दहा तारखेला संध्याकाळी तो माझ्याकडे आला. म्हणाला, सर, ते बांधणीत आहे."

सर पुन्हा खिडकीकडे बघू लागले.

"मी म्हटलं, बरं, मग जाऊन ये. आल्यावर बघू." ते म्हणाले. "पुढे मी कधी ते पुस्तक मागितलं नाही. ते तुमच्याकडे होतं हे तुम्हाला कसं सांगणार होतो? तुमचा दोष नव्हता, काका. पुस्तकाला वेळ लागतोच."

काका काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. त्यांना तो नकाशा आठवत होता. घड्यांवर चिरलेला, सोळा तुकड्यांचा. प्रत्येक तुकडा त्यांनी कापडावर चिकटवला होता. घडी नीट बसावी म्हणून दोन तुकड्यांत गव्हाच्या दाण्याएवढे अंतर सोडून. तिरक्या रेघा त्यांच्या अंगठ्याखालून गेल्या होत्या. ओल्या खळीवरून त्यांनी त्या हलकेच दाबून बसवल्या होत्या, बुडबुडा राहू नये म्हणून.

सात तारखेला, रविवारी, मुलाने विचारले होते. बाबा, तो नकाशा झाला का? आणि ते म्हणाले होते, चार दिवस थांब.

पुढे काय झाले होते? त्यांना वाटत होते, की आपण घाई केली. दुसऱ्याच दिवशी काम संपवले, मुलाला नवल वाटावे म्हणून. गठ्ठा मामांकडे दिला. पण तीस वर्षांनंतर माणसाला जे आठवते, ते घडलेलेच असते की घडावेसे वाटलेले?

"दहाला ते माझ्याकडे नव्हतं," ते म्हणाले. मग फार हळू, "बहुतेक."

आता त्यांना ती वही नुसत्या अक्षरासाठी नको होती, तारखेसाठी हवी होती.

५

जिन्यात मामा भेटले. काकांनी एकच विचारले. "गठ्ठा माझ्याकडून आणलात की कुठे ठेवायचात?"

"बाईंच्या टेबलावर. डाव्या कोपऱ्यात. वर वही. बाई वहीत सही करायच्या, मग सवडीने गठ्ठा सोडायच्या. तीस वर्षांत उजव्या कोपऱ्यात ठेवला नाही, विचारा हवं तर."

बाईंच्या खोलीत कपाटे रिकामी होती, आणि खोक्यांवर त्यांच्या ठाशीव अक्षरांतल्या पट्ट्या होत्या. काका समोरच्या खुर्चीत बसले. बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"ज्यानं वही नेली," काका म्हणाले, "त्याला मोकळी जागा बघवत नाही. म्हणून सर नाहीत. त्याला ठोकळा म्हणजे काय हे हातानं माहीत होतं, म्हणून मॅडम नाहीत. त्यानं ठोकळ्यावरची धूळ पुसली नाही, म्हणून मामा नाहीत. आणि या इमारतीत एकच ठोकळा उरलाय आणि तो कुठे आहे, हे ज्याला माहीत होतं, त्यानंच त्या कप्प्याला फडकं लावायची मनाई केली होती."

बाहेर कुणीतरी खोके ओढत नेले.

"तुमच्यासाठी, काका," बाई अखेर म्हणाल्या. "मॅडम सगळं वाचणार होत्या, छापणार होत्या. तुम्ही ते वाचावं असं मला वाटेना. तो इथे आला होता. मला म्हणाला, बाई, तो नकाशा मिळेल का, सकाळी निघायचंय. मी कप्प्याशी गेले. ठोकळा होता. मी म्हटलं, बांधणीत आहे." त्यांनी डोळे मिटले. "तुमच्याकडे होतं, काका. या वयात तुम्हाला ते कळून काय मिळणार होतं?"

काकांनी न बघता ठेवलेला पेला कलंडला. पाणी टेबलावर सांडले आणि दोघांपैकी कुणीही ते पुसले नाही. म्हणजे घाई केली ती फक्त मनातच. चार दिवस थांब, हेच काय ते खरे.

"वही द्या," ते म्हणाले.

"नको."

"बाई. माझ्या पोराचं अक्षर आहे ते."

बाईंनी खालचा खण उघडला. वही वर होती, आणि तिच्याखाली हिरव्या कापडात बांधलेला एक खंड, ज्याच्या कण्यावर अजून क्रमांक पडला नव्हता. काकांनी आपलेच काम ओळखले. तीस वर्षे न वापरलेले कापड, जसे नेसवले तसेच.

वही पुढे करताना बाईंचा हात क्षणभर सुटला नाही. "अक्षर बघा," त्या म्हणाल्या. "रकाने नका बघू."

काकांनी नवा चष्मा लावला. पान सापडले. आणि तो समोर आला. उजवीकडे किंचित झुकलेला, प्रत्येक ओळीच्या शेवटी थोडा घाईत, जेवायला हाक मारल्यावर येत असे तसा. त्यांनी ओळ ओठांनी वाचली. जुन्या खाणीचे सर्वेक्षण. नकाशास कापड लावणे. शेऱ्याच्या रकान्यात, जरा बारीक अक्षरात: हा मला हवा आहे. येताच कळवावे.

त्यांनी ती ओळ तीनदा वाचली. एका अश्रूने चष्म्याची काच धूसर केली, ती त्यांनी सदऱ्याच्या टोकाने पुसली, आणि मग, ज्या रेघा त्यांनी स्वतः आखल्या होत्या, त्यांच्यावरून त्यांची नजर आपोआप उजवीकडे सरकली. रेघ आखणाऱ्याला रकाना चुकवता येत नाही.

शेवटचे दोन रकाने. 'पोचले'. त्याखाली तारीख होती, नऊ, आणि बाईंची आद्याक्षरे. 'कप्प्यात लागले'. त्याखाली काहीच नव्हते.

नऊ.

त्यांनी घाई केली होती. खरोखर केली होती. नवव्या तारखेला सकाळी गठ्ठा या खोलीत आला होता, या टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात बसला होता, दोरीने बांधलेला, न सोडलेला. दहाला मुलगा दारात उभा राहून विचारत होता, आणि बाई त्याच टेबलावरून उठून, चाळीस पावले चालून, नकाशांच्या खोलीत ठोकळा बघायला गेल्या होत्या. ठोकळा म्हणेल ते खरे.

काकांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग आला असता तर बाईंना ते सोपे गेले असते.

"तीस वर्षं," ते म्हणाले, "सर मला बघून रस्ता बदलायचे. मला वाटायचं, मोठा माणूस, गडबडीत असेल." त्यांनी वही मिटली नाही. उघड्या पानावर तळहात ठेवला, ओल्या खळीवर ठेवावा तसा हलका. "बाई, मला एकच सांगा. तो इथे दारात उभा होता तेव्हा, पुस्तक कुठे होतं?"

बाईंनी टेबलाच्या डाव्या कोपऱ्याकडे पाहिले. तिथे आता काही नव्हते. सांडलेले पाणी हळूहळू तिकडे सरकत होते. त्या उठल्या. चाव्यांचा जुडगा त्यांनी वहीशेजारी ठेवला, आवाज न करता, वाचनकक्षात ठेवावा तसा. दारातून बाहेर पडल्या. काचेच्या कपाटापाशी त्यांची पावले क्षणभर थांबली. ठोकळा मामांनी पुसून पुन्हा तिथे आणून ठेवला होता, जरासा तिरका. सवयीने त्यांनी हात आत घालून तो सरळ केला, शेजारच्या वहीला टेकणार नाही इतका, आणि मागे न बघता जिना उतरू लागल्या.